खैरनारबाईंची जवळची नजर

मी एकदा एका बाईचा चष्मा हारफुलांसकट तापीत सोडला आणि वर आरती म्हटली. चोरून नव्हे, तिच्या देखत. तिने टाळ्या वाजवून साथही दिली. आमचा सोहळा बघून एका रिक्षावाल्याने गाडी हळू केली आणि कोण वारलं म्हणून विचारलं, "मासी, कोण गुजरी गयुं?" मी म्हणाले, "नंबर." हे उत्तर मला तेव्हा फार चलाख वाटलं होतं. पुढे आठवडाभर मी ते शाळेत, सोसायटीत, भाजीवालीला, जो भेटेल त्याला ऐकवत होते.

तेव्हाची मी म्हणजे पन्नाशीची, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्याला पर्स आणि जगातल्या कुठल्याही दुखण्यावर तयार मत. आज ती बाई मला समोरून येताना दिसली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. पण मागून हाक मारली जाईलच याची मला खात्री आहे, कारण तिला सल्ला द्यायचा असेल.

चष्मा होता सुलभा खैरनारचा. सुरतेत, लिंबायतमधल्या महापालिकेच्या मराठी शाळेत आम्ही दोघी शिकवत होतो. ती गणित, मी इतिहास. एका डोळ्याला उणे एकोणीस, दुसऱ्याला जरा कमी. त्या काचांच्या कडेने पांढरी वर्तुळं दिसायची आणि मध्ये तिचे डोळे इतके बारीक की विहिरीच्या तळातून कोणी वर बघतंय असं वाटावं. चष्म्याला दोरी बांधलेली. ती दोरी कधी गळ्यात दिसली नाही तर पोरं वर्गात आधी चष्मा शोधायची, मग दप्तरं उघडायची.

तिचं माहेर तिथलंच, दोन गल्ल्या सोडून. वडील धुळ्याकडून लूमवर कामाला आलेले, आई घरबसल्या साड्यांना खडे चिकटवायची. सुलभा पाच-सहा वर्षांची झाली तेव्हापासून आईच्या शेजारी बसून तेच करायची. साडी नाकाला लावायची आणि मोहरीएवढा खडा जिथे पाहिजे तिथेच बसवायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, या पोरीची नजर बघा. अख्ख्या गल्लीत तिच्यासारखी नजर कुणाची नाही असं सगळ्यांचं एकमत होतं. शाळेत गेल्यावर कळलं की तिला फळाच दिसत नाही. आईचा विश्वासच बसेना. "खडा दखास आन् फळा दखास नही? नाटकी शे पोरगी," असं म्हणून तिने आधी दोन धपाटे दिले आणि मग चष्मा आणला. हे सुलभा स्वतःच सांगायची, आईचा आवाज काढून.

लांबचं तिला चष्म्यातूनही जेमतेम दिसे. माणसं ती चालीवरून, आवाजावरून, कधी कधी खोबरेल तेलाच्या वासावरून ओळखायची. एकदा मैदानाच्या टोकाला पाण्याचा निळा पिंप ठेवला होता. कुणी पोरगं तास बुडवून उभं आहे असं समजून तिने व्हरांड्यातून त्या पिंपाला चांगलं फैलावर घेतलं. बापाचं नाव काय, घरी पाठवू का, मान खाली घालून उभा काय राहतोस. पूर्ण सातवीचा वर्ग खिडकीत येऊन हसत होता. कुणीतरी धीर करून सांगितलं, "बाई, तो पिंप आहे." सुलभाने मागे वळून चष्मा वर सरकवला. "असू दे. तो ऐकून तरी घेतो."

पण चष्मा काढला की ती दुसरीच बाई व्हायची. जाड चष्मेवाल्यांचं हे मला तिच्यामुळे कळलं. त्यांचं लांबचं सगळं धुकं असतं, पण नाकासमोरचं वीतभर अंतर, त्याहूनही कमी, तिथे त्यांना जे दिसतं ते आपल्याला भिंग लावूनही दिसायचं नाही. शाळेत कुणाच्या बोटात लाकडाची चीप गेली, डोळ्यात कचरा गेला, की पोरगं थेट सातवीच्या वर्गात. ही चष्मा दोरीवर सोडायची, बोट नाकाशी धरायची, साडीच्या पदराची पिन काढायची आणि पोरगं ओरडायच्या आत चीप बाहेर. औषधाच्या पट्टीवरची मुंगीच्या पायासारखी अक्षरं मुख्याध्यापक तिच्याकडून वाचून घ्यायचे.

एकदा स्टाफरूममध्ये मी डुलकी काढत होते. डोळे उघडले तर तिचं तोंड माझ्या तोंडापासून चार बोटांवर. चष्मा नाही. ते डोळे मी पहिल्यांदा खऱ्या आकारात पाहिले. मोठे, तपकिरी, ओले. मी दचकले.

"हलू नको. तुला डाव्या भुवईत एक पांढरा केस आलाय."

"बाजूला हो."

"नवऱ्याला माहीत नसेल. त्याने इतक्या जवळून कधी बघितलं?"

ती मला सातारकरीण म्हणायची, माझं माहेर साताऱ्याचं म्हणून. तिच्या मते साताऱ्याची माणसं सल्ला देतात आणि खानदेशाची माणसं वांग्याचं भरीत देतात. दोन्हींत कशाचा उपयोग होतो ते तूच ठरव, असं म्हणून ती डबा पुढे सरकवायची.

मुलगी मनीषा झाली तेव्हाची एक गोष्ट तिने मला एकदाच सांगितली. बाळाला मांडीवर घेऊन तिने चष्मा काढला आणि ते झोपेपर्यंत बघत बसली. पापणीचा एकेक केस, नाकावरचे ते पांढरे ठिपके, कानाच्या पाळीवरची लव. "तुम्ही लोक पोरांना लांबून बघता," ती म्हणाली. "मी तिला जेवढं बघितलंय तेवढं कुणीच कुणाला बघितलं नसेल."

हे मी ऐकलं होतं. माझ्या या दोन कानांनी. आणि तरीही.

झालं असं की एका संध्याकाळी शाळेतून घरी जाताना गर्दीत रिक्षातून उतरताना तिचा चष्मा पडला आणि मागच्या रिक्षाच्या चाकाखाली गेला. दोरी गळ्यातच राहिली. जन्म गेला त्या रस्त्यावर, पण तिला तो ओलांडता येईना. एका दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. दुकानदार विचारत होता, बेन, कुठे सोडू? ती म्हणाली, बसू द्या. अंधार पडताना नवरा शोधत आला. दुसऱ्या दिवशी जुना चष्मा लावून शाळेत आली आणि मला एवढंच म्हणाली, "मला काल भिकारीण समजून कुणीतरी पाच रुपये दिले." मग म्हणाली, "मी ते घेतले. परत कुणाला करणार? दिसत कोण होतं."

झालं, मला काम मिळालं. मी डोळ्यांचे दवाखाने पालथे घातले. लेसरने तिचा नंबर उतरणार नव्हता, तेवढी जाड कॉर्नियाच नव्हती. पण रिंग रोडच्या एका दवाखान्याने सांगितलं की डोळ्यातलं मूळ भिंगच काढून त्या जागी दुसरं बसवता येईल, मोतीबिंदूत करतात तसं. तिला मोतीबिंदू नव्हता. भिंग स्वच्छ होतं. नंबर काढायला म्हणून स्वच्छ भिंग काढायचं.

नवरा म्हणाला, तुम्ही दोघी शिकलेल्या, तुम्ही बघा. मग मीच तिच्याबरोबर गेले. डॉक्टर तरुण होता, सुरतीच, आणि त्याने आमची फसवणूक केली असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण त्याने सगळं सांगितलं. डोळ्याचा कागदावर आकार काढला, साधा डोळा लिंबासारखा गोल, हिचा अंड्यासारखा लांबट. लांब डोळ्यात मागचा पडदा ताणलेला असतो, पातळ. भिंग बदललं की नंबर जाईल, डोळ्याची लांबी जाणार नाही. "बेन, नंबर जशे, पण आंख तो ए ज रहेशे." उलट भिंग काढल्यावर आतला जेलीसारखा द्रव हलतो आणि पडदा सुटायची भीती वाढते. लगेच नाही, पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, कधीही. तुम्ही अजून पन्नाशीच्या आत आहात, म्हणजे धोका पुढची पुष्कळ वर्षं. दर वर्षी पडदा तपासून घ्यायचा. चमक दिसली, काळे ठिपके दिसले, पडदा ओढल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी यायचं. आणि जवळचं बिनचष्म्याचं दिसतं ते जाईल.

सुलभाने विचारलं, "जाईल म्हणजे किती?"

"वाचायला चष्मा लागेल. सगळ्यांना लागतो."

बाहेर आल्यावर मला म्हणाली, "माझं जवळचं जाईल म्हणतो."

आणि मी, शाळेची दोन नंबरची बाई, इतिहासाची, म्हणाले, "जवळचं काय करायचंय? आता काय साड्यांना खडे चिकटवणार आहेस? आणि डॉक्टर लोकांना भीती घालावीच लागते. उद्या काही झालं तर अंगावर यायला नको म्हणून."

ती बराच वेळ रिक्षाची वाट बघत उभी राहिली. रिक्षा येत होत्या. मीच हात करत नव्हते, कारण तिने हो म्हणेपर्यंत मला घरी जायचं नव्हतं.

ऑपरेशन छान झालं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या डोळ्याचंही झालं. आणि नंतरचे ते महिने, खोटं कशाला बोलू, मी कुणाला इतकं खूश पाहिलेलं नाही. कडुनिंबाला वेगवेगळी पानं असतात याचा तिला राग आला. "मला वाटायचं, हिरवा ढीग असतो." गणपतीच्या रांगेत पार मागून मूर्तीचं तोंड दिसलं तर रडली. नवरा रस्त्यापलीकडून येताना दिसला तर म्हणाली, "हा एवढा म्हातारा कधी झाला?" तिने एका दमात बारा पोरांना मैदानाच्या टोकाला पकडलं. पोरांचे वाईट दिवस सुरू झाले.

त्याच हर्षात मी तो चष्म्याचा विधी काढला. वर्षाची तपासणी तिने पहिल्या वर्षी केली, दुसऱ्या वर्षी केली, मग तीच म्हणाली की ज्याचा नंबरच गेला त्याचं काय तपासायचं, आणि मी मान डोलावली. आम्हा दोघींना मनातून असंच वाटत होतं की चष्मा म्हणजे आजार. चष्मा नदीत, आजार नदीत.

जवळचं गेल्याचं तिने बोलून दाखवलं नाही. मला ते दिसलं ते असं. एका पोराच्या तळहातात चीप गेली होती, ते सवयीने तिच्याकडे आलं. तिने त्याचा हात नाकाशी नेला. मग जरा लांब केला. मग आणखी लांब. पर्समधून वाचायचा चष्मा काढला, पुन्हा बघितलं. पिन हातात धरून बराच वेळ तशीच. मग पोराला म्हणाली, "जा, शिपाईकाकांकडून काढून घे," आणि तास संपेपर्यंत पोरांकडे पाठ करून फळ्यावर गणितं लिहीत राहिली. मनीषाला पहिला मुलगा झाला तेव्हा ती दवाखान्यातून परत आली आणि मी विचारलं, कसा आहे नातू, तर म्हणाली, "गोरा आहे म्हणतात."

काही वर्षांनी डोळ्यांपुढे धूसर आलं. आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाला, नव्या भिंगामागच्या पिशवीवर जाळी आली आहे, हे पुष्कळांना होतं. लेसरचे दोन-चार ठिपके मारले आणि ती चहाच्या वेळेला घरी. डॉक्टरने पुन्हा पडद्याचं सांगितलं. आम्ही पुन्हा हो म्हणालो. पण आमच्या डोक्यात बसलं ते वेगळंच, की डोळ्याला काही झालं की ती जाळी असते आणि जाळी चहाच्या आधी निघते.

मग ती दिवाळी. आम्ही दोघी निवृत्त झालो होतो, तिचा नवरा जाऊन वर्ष झालं होतं. सुरतेत दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंत, म्हणजे पाच दिवस, सगळं बंद असतं. बाजार बंद, लूम बंद, माणसं गावी. दिवाळीच्याच दुपारी तिचा फोन आला. माझ्याकडे मुलगा-सून यायचे होते, मी चकल्या तळत होते.

"माझ्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात चमकतंय."

मी म्हणाले, "अगं, दिवाळी आहे. सगळ्यांच्याच डोळ्यांत चमकतंय."

"डोळे मिटले तरी चमकतंय. आणि काळं काहीतरी उडतंय, काजळी उडते तसं."

"धूर आहे सगळीकडे. आणि तसंच वाटलं तर जाळी असेल मागच्यासारखी. आता कोण दवाखाना उघडून बसलाय? लाभपाचमीला जाऊ."

"जाऊ म्हणतेस?"

"जाऊ गं. तेल तापलंय माझं."

चकल्या चांगल्या झाल्या होत्या. हे मला अजून आठवतं आणि मला ते आठवायला नको आहे.

भाऊबीजेला तिला नाकाच्या बाजूने काळा पडदा वर चढताना दिसायला लागला. तिने मला फोन केला नाही. मनीषा तेव्हा हजीऱ्याच्या कंपनीत नोकरीला, तिकडेच राहायची. तिलाही केला नाही. लाभपाचमीला मी रिक्षा घेऊन तिच्या दारात गेले तेव्हा तिने कुलूप लावायला किल्ली दाराच्या कडीवर तीनदा आपटली. डॉक्टरने आत बघितलं आणि खुर्चीत मागे टेकला. पडदा मधोमधपर्यंत सुटला होता. मध्यापर्यंत जायच्या आत आली असती तर, असं तो म्हणाला आणि वाक्य सोडून दिलं. मग विचारलं, दिवाळीत फोन का नाही केला, आमचा एक डॉक्टर रोज बसत होता. सुलभाने माझ्याकडे बघितलं नाही. "मला वाटलं बंद असेल," म्हणाली.

मला वाटलं.

ऑपरेशन केलं, डोळ्यात तेल भरलं, आणि कित्येक दिवस पालथं झोपून राहायला सांगितलं. खाताना, बोलतानाही मान खाली. तिला माणसाचं तोंड दिसावं म्हणून मी तिच्या पलंगाच्या कडेला, तिच्या तोंडाखाली, फरशीवर उताणी पडून तिच्याशी गप्पा मारायची. सांधे कुरकुरायचे. वरून तिचा आवाज यायचा, "सातारकरीण, आता बरोबर जागी आहेस." मी हसायची. वर तोंड करून हसलं की पाणी कानात जातं, डोळ्यातलं.

तो डोळा परत आला नाही. समोर हात हलवला तर हलतोय एवढं कळतं. तेलाने आणि औषधांनी आतला दाब वाढला, त्याचे थेंब वेगळे. उजव्या डोळ्याच्या पडद्यालाही पातळ जागा सापडल्या, त्यांच्याभोवती लेसरने डाग देऊन घेतले. आता तो एकच डोळा आहे, आणि त्याची राखण ती कोंबडीने अंड्याची करावी तशी करते. ओझं उचलत नाही, मान झटकत नाही, रिक्षात खड्डा आला की पदराने तो डोळा दाबून धरते, जणू बाहेर सांडेल. कुठेही दिवा लुकलुकला की विचारते, "तुलाही दिसलं का?" मी हो म्हणाले तरी तिचा पूर्ण विश्वास बसत नाही. तिला माझ्या हो-नाहीचा अनुभव आहे.

मनीषाचा नंबर आईवर गेलाय, उणे पंधरा. मध्ये तिने एकदा माझ्यासमोरच आईला विचारलं, "मी करू का ऑपरेशन? आता भिंगं सुधारलीत म्हणतात."

मी तोंडाला कुलूप लावलं. आयुष्यात पहिल्यांदा. सुलभाने ते बघितलं असावं, कारण ती जरा हसली. मग म्हणाली, "मला कडुनिंब दिसला. तुझे बाबा लांबून येताना दिसले, मरेपर्यंत दिसले. ते खोटं नाही. पण तुला बघितलं तसं तुझ्या पोराला मी बघू शकले नाही, आणि हा डोळा गेला तो गेलाच. मला जेवढी वर्षं मिळाली तेवढी तुला मिळतील का जास्त, हे कुणी सांगेल तर ये माझ्याकडे. डॉक्टरला विचार. मावशीला विचारू नको."

मनीषा अजून ठरवत नाही. दर वर्षी पडदा मात्र तपासून घेते. मावशीला विचारत नाही.

मी आता दिवसाआड लिंबायतला जाते. मुलगा म्हणतो, या वयात रिक्षाने एवढं लांब कशाला, फोनवर बोल. मी जाते. थेंब घालते, पेपर वाचून दाखवते, तांदूळ निवडते. माझी नजर आता तिच्या बोटांपेक्षा वाईट आहे; खडा मला दिसायच्या आधी तिच्या हाताला लागतो आणि ती तो माझ्या ताटात टाकते.

परवा गेले तेव्हा ती ओट्यावर बसली होती. समोरच्या घरात एक मुलगी साडीला खडे लावत होती, चष्मा न लावता, साडी तोंडाजवळ धरून. सुलभा तिच्याकडे एका डोळ्याने बघत होती. तिला काय दिसत होतं कोण जाणे. मी शेजारी बसले. गेली सगळी वर्षं एक वाक्य माझ्या घशात आहे, आणि त्या दिवशी ते कसं कोण जाणे निम्मं बाहेर आलं. मी म्हणाले, "सुलभा, त्या दिवाळीत मी तुला..."

तिने हात वर केला. पेपर माझ्या मांडीवर ठेवला, पहिलं पान वर करून.

मी म्हणाले, "एकदा बोलू तरी दे. माफ केलंस का, एवढंच सांग."

तिने मान माझ्याकडे वळवली. पूर्ण वळवावी लागते तिला, मी डाव्या बाजूला बसले होते. मग म्हणाली,

"माफ केलं म्हटलं की तू यायची बंद होशील. म्हणून मी काही म्हणत नाही."